लायब्ररीतल्या नेटबाई

बाई साडी नेसून स्मॅश मारायच्या. ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वसईतल्या आमच्या कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात हातातली वही तशीच धरून उभी राहिले होते. सकाळचे साडेसात वाजले असतील. लाल मातीच्या मैदानावर चाळिशी ओलांडलेली एक बाई, फिकट सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, पदर कमरेला आवळलेला, दोन पावलं धावली, उडाली आणि तिने चेंडू असा हाणला की पलीकडे मातीचा फुफाटा उठला. आदल्याच दिवशी याच बाईंनी लायब्ररीच्या खिडकीतून पुस्तक देताना मला हळू बोल म्हणून दटावलं होतं. त्या आणि या एकच, हे पटायला मला बराच वेळ लागला.

त्यांचं नाव हिल्डा. कॉलेजात ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मुलं त्यांना नेटबाई म्हणायची, कारण व्हॉलीबॉलचं नेट त्या रोज खांद्यावरच्या गोणपाटाच्या पिशवीतून घरी न्यायच्या आणि सकाळी परत आणायच्या. कॉलेजचं आधीचं नेट एका सुट्टीत नाहीसं झालं होतं आणि पुढे कुणाच्या तरी परसात दुधीच्या मांडवावर सापडलं होतं. तेव्हापासून बाईंचा कुणावर विश्वास नव्हता. नंदाखालच्या आपल्या घरून येताना एसटीत एकदा एका मासळीवालीने पिशवीतून डोकावणारं जाळं बघून विचारलं, “काय गो बाय, जाल्यात काय गावलं?” बाई म्हणाल्या, “पोरी.” हे त्यांनी आम्हाला अगदी गंभीरपणे सांगितलं होतं.

तोवर आमच्या कॉलेजात मुलींसाठी कॅरम होता आणि टेबल टेनिसचं एक डगमगतं टेबल होतं. व्हॉलीबॉल मुलांचा. बाई तरुणपणी गावाच्या मैदानावर भावांबरोबर खेळलेल्या. लायब्ररीत नोकरीला लागल्यावर त्यांनी तीन वर्षं प्राचार्यांकडे अर्ज केले आणि चौथ्या वर्षी सकाळी पावणेसात ते आठ एवढा वेळ मैदान मिळवलं. खेळाडू निवडायची त्यांची रीत वेगळी होती. कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरचं पुस्तक जी मुलगी स्टुलाशिवाय काढेल, तिला त्या कार्डावर शिक्का मारता मारता विचारायच्या, उद्या सकाळी काय करतेस? मी अशीच सापडले. लेखाकर्माचं एक जाडजूड पुस्तक काढायला गेले आणि संघात जाऊन पडले.

सबीना तेवढी या रीतीला अपवाद. ती भुईगावची, चणीने बारीक, वरच्या फळीपर्यंत तिचा हात पोचणं शक्यच नव्हतं. पण एकदा कुणाच्या तरी हातून निसटलेलं पुस्तक तिने जमिनीला टेकायच्या आत, न बघता, एका हाताने झेललं. बाई जागेवरून उठून बाहेर आल्या आणि तिचं नाव लिहून घेतलं. ती आमची सेटर झाली. नेटजवळ उभं राहून मारणाऱ्या मुलीला चेंडू उचलून द्यायचा, हे तिचं काम. तिने दिलेला चेंडू हवेत क्षणभर थांबायचा, असं मला अजून वाटतं. मी मारायची, टाळ्या मला मिळायच्या. खेळ तिचा होता.

घरच्यांची परवानगी मिळवायला बाई स्वतः फिरायच्या. आमचं कुटुंब चिपळूणकडचं, माणिकपूरला नव्या इमारतीत फ्लॅट घेतलेलं. बाबा मुंबईत नोकरीला. बाई एका रविवारी डझनभर केळी घेऊन दारात उभ्या राहिल्या. बाबांनी सगळे नेहमीचे मुद्दे काढले. अभ्यास, अंधारातून जाणं, मैदानावरची मुलं, उद्या हात-पाय मोडला तर. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मुलगी सकाळी किती वाजता उठते? बाबा म्हणाले, साडेसहाला, तेही चार हाका मारल्यावर. “माझ्याकडे पाठवा,” बाई म्हणाल्या, “साडेपाचला आपण होऊन उठेल.” बाबांनी केळी उचलून आत नेऊन ठेवली. आई आतून हसली ते मला ऐकू आलं.

आम्ही सात जणी होतो. कुणी केळीच्या वाडीवाल्यांची, कुणी मच्छीमाराची, कुणी माझ्यासारखी बाहेरून आलेली. सुरुवातीला डबे वेगवेगळे उघडले जायचे आणि पाण्याच्या बाटल्यांवर नावं असायची. बाईंनी त्यावर भाषण केलं नाही. एकदा दोघींनी एकमेकींसाठी चेंडू सोडला आणि तो मधोमध पडला, तेव्हा एवढंच म्हणाल्या, “चेंडूला कुणाची मुलगी आहे ते कळत नाही.” सराव संपला की पिशवीतून घरी वाळवलेली केळी, सुकेळी, काढून प्रत्येकीच्या हातावर एक ठेवायच्या. एकच. दुसरं मागितलं तर म्हणायच्या, उद्या ये.

पहिल्या वर्षी आम्ही इतक्या वाईट हरलो की समोरच्या संघाच्या मुलीही ओशाळल्या. सलवार-कमीज घालून खेळणारा आमचा एकटाच संघ. प्रेक्षकांतून हसण्याचा आवाज येत होता. मला पळून जायचं होतं. बाईंनी आम्हाला संध्याकाळपर्यंत तिथेच बसवून बाकीचे सगळे सामने बघायला लावले आणि परतीच्या वाटेवर प्रत्येकीला विचारलं, काय नवीन दिसलं? रडायची सवड दिलीच नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही ट्रॅक पँटमध्ये आलो आणि दोन सामने जिंकलो. तिसऱ्या वर्षी मी कर्णधार होते आणि आम्ही विभागाच्या अंतिम सामन्यात पोचलो. प्राचार्यांनी नोटीस बोर्डावर आमची नावं लावली. बाबांनी ऑफिसातून रजा टाकली.

अंतिम सामना ठाण्याच्या एका मैदानावर होता. कॉलेजने पहिल्यांदाच आम्हाला मिनीबस दिली होती. सामन्याला अर्धा तास उरलेला असताना मी पाण्याच्या नळाकडे गेले तर तिथे सबीना आणि बाई उभ्या होत्या. सबीना खाली बघून काहीतरी सांगत होती. मला ऐकू आलं नाही. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला. मग त्या वळल्या आणि माझ्या अंगावरून, मी न दिसल्यासारख्या, पंचांच्या टेबलाकडे चालत गेल्या.

मला वाटलं, सबीनाला बरं नसेल. टेबलापाशी पंच आणि आयोजक उभे राहिले, कागद चाळले गेले. पाच मिनिटांनी लाउडस्पीकरवरून आमच्या कॉलेजचं नाव पुकारलं गेलं. आमच्या संघातली एक खेळाडू या वर्षी कॉलेजची विद्यार्थिनीच नाही, हे संघाच्या प्रशिक्षकांनी स्वतः कळवलं आहे, म्हणून हा संघ स्पर्धेतून बाद करण्यात येत आहे आणि त्यांचे आधीचे सामनेही रद्द धरले जातील. आमच्याविरुद्ध उपांत्य सामन्यात हरलेल्या मुली प्रेक्षकांत बसल्या होत्या. त्यांनाही काय करावं कळेना. मी हातांना लावलेली पावडर पुसायची विसरून गेले. बाबा खुर्चीतून अर्धवट उठले आणि परत बसले.

मग हळूहळू कळलं. सबीना आदल्या वर्षी नापास झाली होती. घरी सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून कॉलेजात नाव न घालता ती जूनपासून रोज पहाटे पुस्तकं घेऊन घरातून निघत होती, आमच्याबरोबर खेळत होती आणि आठ वाजता सगळ्या वर्गात गेल्या की वसईच्या किल्ल्याकडे जाऊन दुपारपर्यंत बसत होती. ती कलाशाखेत, मी वाणिज्यला. मला शंकाही आली नव्हती. चार महिने ती माझ्या हातावर चेंडू ठेवत होती आणि ती कुठे जाते हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

पण त्या दिवशी माझा राग सबीनावर नव्हता. तिने ज्या माणसाला विश्वासाने सांगितलं, त्याने ते माइकवरून गावभर केलं, एवढंच मला दिसत होतं.  मिनीबसमध्ये सबीना शेवटच्या बाकावर खिडकीला डोकं टेकून बसली होती. घोडबंदरच्या रस्त्याला लागल्यावर मी उठून बाईंच्या बाकापाशी गेले. मी म्हणाले, “आम्ही जिंकलेलं तुम्हाला बघवलं नसतं. तुम्हाला फक्त स्वतः खरं ठरायचं होतं.” बाई माझ्याकडे बघत राहिल्या.  माणिकपूरला बस थांबली तेव्हा त्या पिशवी खांद्यावर टाकून उतरल्या आणि सबीनाचा हात धरून तिला घरी पोचवायला भुईगावच्या रिक्षात बसल्या.

प्राचार्यांनी त्यांच्याकडून संघ काढून घेतला. कॉलेजची अब्रू गेली, असं स्टाफरूममध्ये बोललं गेलं. मुलांच्या संघाच्या सरांकडे आमचं काम दिलं, त्यांनी वेळ बदलून संध्याकाळची केली आणि महिन्याभरात निम्म्या मुली यायच्या थांबल्या. मी आधीच सोडलं होतं. उरलेले महिने मी लायब्ररीची पायरी चढले नाही. पुस्तकं मैत्रिणीकडून मागवायची. बाई तिच्याबरोबर काही निरोप द्यायच्या नाहीत, पण मी मागितलेल्या पुस्तकाबरोबर त्याच विषयाचं आणखी एक चांगलं पुस्तक यायचं.

सबीनाचं मला बऱ्याच वर्षांनी कळलं. घरी बरीच रडारड झाली, बाप दोन आठवडे बोलला नाही. बाई मात्र रोज संध्याकाळी नंदाखालहून भुईगावला जाऊन तिला शिकवायला बसल्या. पुढच्या वर्षी ती पास झाली, त्याच्या पुढच्या वर्षी पदवी मिळाली, आणि मग ती एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. हे ऐकल्यावर मला माझ्या त्या वाक्याची लाज वाटू लागली. लाज वाटूनही मी आणखी दोन वर्षं बाईंकडे गेले नाही. नोकरी, लग्न, विरारला नवं घर, अशी कारणं जवळ होती.

अखेर एका रविवारी मी नंदाखालला गेले. बाई निवृत्त झाल्या होत्या. गुडघे गेले होते, ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या, मागे केळीची बाग. मला बघून म्हणाल्या, वजन वाढलंय, उडी जमते का अजून? मी बसले आणि जे मनात घोकून आले होते ते सगळं सांगून टाकलं. की मी मूर्ख होते, की तुम्ही केलं ते करायला फार मोठी छाती लागते, की आज मला कुणी प्रामाणिकपणा म्हणजे काय विचारलं तर मी तुमचं नाव सांगते.

बाईंनी मला मध्येच थांबवलं.

“मला जूनपासून माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

मला कळलंच नाही. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. सबीनाने जूनमध्ये मागच्या वर्षीची पुस्तकं परत केली आणि नवं कार्ड काढलं नाही. लायब्ररीत बसणाऱ्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. त्यांनी प्रवेशाची यादी बघितली, तिचं नाव नव्हतं. “स्पर्धेचा फॉर्म मी भरला. तिच्या नावापुढे रोल नंबर मी लिहिला, जुना. प्राचार्यांनी न बघता सही केली. मला माहीत होतं ते बघणार नाहीत.”

ओट्यावर ऊन होतं.  मी विचारलं, का?

“तिच्याशिवाय आपण जिंकलो नसतो. आणि मला जिंकायचं होतं, वृंदा. इतकी वर्षं मी मुलांनाच त्या मैदानावर बघत होते.” मग म्हणाल्या, “बसमध्ये तू बोललीस ते खोटं होतं, पण फॉर्मचं सांगितल्याशिवाय मला ते खोटं आहे असं म्हणता येईना. मी खरी ठरायला गेलेच नव्हते. तिने तोंडाने सांगितलं, मग मला माहीत नाही असं स्वतःलाही सांगता येईना. एवढंच.”

निघताना त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या की हे सबीनाला कधी सांगू नकोस, ती मला फार वर ठेवते. मी कबूल केलं. घरी येईपर्यंत मला धड विचार करता येत नव्हता. जिला मी आधी वाईट ठरवलं आणि मग संत केलं, ती बाई या दोन्हींत कुठेच बसत नव्हती.

दोन वर्षांनी बाई गेल्या. झोपेतच गेल्या, अगदी अचानक. नंदाखालला चर्च भरून गेलं होतं. आम्ही सातही जणी आलो होतो, एक तर दुबईहून. दफनानंतर बाकीच्या घराकडे वळल्या आणि मी व सबीना दफनभूमीच्या भिंतीशी मागे राहिलो. तिचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, बाईंनी मला माणूस केलं. आणि मला काय झालं ठाऊक नाही, दिलेला शब्द मोडून मी बोलून गेले की बाईंना पहिल्यापासून सगळं माहीत होतं, फॉर्म त्यांनीच भरला होता.

 सबीनाच्या चेहऱ्यावर मला जे अपेक्षित होतं त्यातलं काहीच उमटलं नाही. तिने रुमालाने नाक पुसलं.

“मला माहीत होतं गं,” ती म्हणाली. “जूनपासून त्या माझ्याशी बोलायच्या, पण माझ्या डोळ्यांत बघत नव्हत्या. मला ते सोसेना, म्हणून त्या दिवशी सांगितलं.”