साडूभाऊंची सरळ रेघ

माझ्या थोरल्या साडूंइतकी दुसऱ्यांची पावलं मोजलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. स्वतःची पावलं ते मोजत नसत. ती कुठंही पडत, कधी गटारात, कधी कुणी वाळत घातलेल्या पापडांवर. पण समोरचा माणूस उठून माठाकडं निघाला की यांचे ओठ हलू लागलेच. नव्यानं भेटलेल्याला वाटे, गृहस्थ नामस्मरण करतायत. माझ्या सासूबाई तर त्यांच्या लग्नानंतर वर्षभर "मोठे जावई फार धार्मिक आहेत हो" असं सगळ्या नातेवाइकांना सांगत होत्या.

हा नाद नोकरीतून लागला होता. आमच्या शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणत आणि वाळूजच्या माळावर एकामागून एक कारखाने उभे राहत होते. गंगापूरकडच्या शेतकरी घरातले साडूभाऊ शिकून त्यातल्याच एका मोठ्या कारखान्यात नकाशे काढायला लागले. कोणतं मशीन कुठं बसवायचं, कच्चा माल कुठून आत येईल, तयार माल कुठून बाहेर पडेल, मधे कामगाराला किती चालावं लागेल, हे सगळं कागदावर आधी ठरवायचं. याला लेआउट म्हणतात हे मला त्यांच्याकडूनच कळलं. जगातली निम्मी भांडणं वस्तू चुकीच्या जागी ठेवल्यामुळं होतात आणि उरलेली निम्मी त्या योग्य जागी ठेवल्यावर कुणीतरी हलवल्यामुळं, असं त्यांचं ठाम मत होतं. या मताचा पहिला प्रसाद आम्हाला लग्नानंतर पंधरा दिवसांतच मिळाला. ते भेटायला आले, माझी बायको चहा करायला आत गेली आणि हे तिच्यामागं जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. चहा झाल्यावर कपाला हात न लावता म्हणाले, "एक्केचाळीस! अहो, एका चहाला एक्केचाळीस पावलं? साखर तिकडं, पत्ती इकडं अन् गाळणं पार मोरीत. माणूस थकंल नाय तर काय व्हईल?" संध्याकाळपर्यंत भिंतीला एक फळी ठोकली गेली, सगळे डबे त्यावर चढले आणि चहा नऊ पावलांत होऊ लागला. बायकोचा हात मात्र जुन्याच हिशेबानं चालत राहिल्यामुळं आठवडाभर आम्ही चहात मीठ घालून प्यालो. त्यांच्या स्वतःच्या घरी तर सगळंच हाताशी होतं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, म्हणायच्या, "माझ्या घरात हात लांब केला की सगळं सापडतं. फक्त हे सापडत नाहीत."

सापडणार कुठून? ते दुसऱ्यांची घरं लावत फिरत असत. गुलमंडीवर सतरंजी घ्यायला म्हणून गेले आणि दुकानदाराची कापडाची मांडणी इतकी चुकीची निघाली की तीन तास गठ्ठे हलवण्यात गेले, शेवटी दुकानदारानं हात जोडून विचारलं, "साहेब, घ्यायचं काय होतं?" तेव्हा त्यांना ते आठवेना. फुलंब्रीला एका भाचीच्या लग्नात त्यांनी जेवणाच्या टेबलांची रांग स्वतःच्या हातानं लावली. ताटं इथं, भात इथं, जिलबी वळणावर, पाणी बाहेर पडायच्या वाटेवर. चारशे माणूस अर्ध्या तासात जेवून मोकळं झालं आणि मांडवाबाहेरही पडलं. साडूभाऊ खुशीत घड्याळ बघत होते, तेवढ्यात मुलीचे मामा येऊन म्हणाले, "व्हय दाजी, समदं बेस झालं, पण पाव्हणे जेवले अन् गेले. कुनी कुनाशी बोललंच नाय की!" साडूभाऊंना ही तक्रार आहे हेच कळलं नाही.

नकाशा करायची त्यांची रीत मात्र पाहण्यासारखी होती. चौकोन आखलेल्या मोठ्या कागदावर ते कारखान्याची जमीन आखत आणि प्रत्येक मशीनचा मापात कापलेला एक पुठ्ठा त्यावर सरकवत बसत. पुठ्ठे जुन्या लग्नपत्रिकांचे. त्यामुळं एखादं लेथ उलटं केलं की मागं "आमच्या येथे श्रीकृपेकरून" निघे आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीवर अर्धा गणपती असे. घरात कुणीही पंखा लावायचा नाही, हा नियम. एकदा भर उन्हाळ्यात मी बाहेरून घामाघूम आलो आणि सवयीनं बटण दाबलं. अख्खा कारखाना दिवाणाखाली गेला. पुढचा तासभर आम्ही दोघं साडू जमिनीवर पालथे पडून एक ग्राइंडिंग मशीन शोधत होतो. ते रागावले नाहीत. उठून गुडघे झटकताना तेवढं बोलले, "तुम्ही पंख्यानं उडवलं, साडूभाऊ. आमचे साहेब लोक पेनानं उडवतेत."

त्यांचं दुखणं ते हेच. नोकरीभर त्यांनी नकाशे काढले आणि एकही नकाशा जसाच्या तसा जमिनीवर उतरला नाही. एका साहेबाला मधोमध काचेची केबिन हवी असे, दुसऱ्याला पाहुण्यांच्या नजरेत भरेल असं नवं मशीन दारापाशी हवं असे. रेघ कुठंतरी वाकडी व्हायचीच. "एकदा," ते म्हणायचे, "मरायच्या आत एकदा मला आपली रेघ जमिनीवर सरळ बघायची आहे. मंग डोळे मिटले तरी चालंल." एवढ्या हौशी माणसाची इच्छा इतकी छोटी असावी याचं मला हसू येई.

आणि ती पुरी करण्याची वेळ माझ्यावर आली. चिकलठाण्यात भाड्याच्या शेडमध्ये माझा लहानसा उद्योग होता. पत्रा दाबून, वाकवून गाड्यांसाठी क्लॅम्प बनवणारी सहा प्रेस मशीनं आणि अकरा माणसं. वाळूजला स्वतःची शेड बांधून झाली आणि दिवाळीच्या सुट्टीत सगळं हलवायचं ठरलं. साडूभाऊ त्याच महिन्यात निवृत्त झाले होते. ते माझ्याकडं आले आणि लग्नासाठी मुलगी मागावी तसे संकोचून म्हणाले, "तुमची शेड मला द्या. मधे बोलू नका, बास." मी म्हटलं, दिली. मला सामान हलवण्याशी मतलब. कुठलं मशीन कुठं, याच्याशी माझं काही अडत नव्हतं.

मग त्यांचा उत्साह काय विचारता! पंधरा दिवस पुठ्ठे सरकले. निळीत बुडवलेली दोरी ताणून त्यांनी शेडच्या फरशीवर इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत एक रेघ मारली आणि त्या रेघेवर सहाही मशीनं ओळीनं उतरली. पत्रा एका टोकाला आत, क्लॅम्प दुसऱ्या टोकाला बाहेर. सगळ्या कामगारांची तोंडं खिडक्यांच्या भिंतीकडं, म्हणजे हातावर उजेड नीट पडेल, पाठी दाराकडं. एक पाऊल वाया नाही. पाडव्याच्या दुपारी शेवटचं मशीन जागेवर बसलं, फक्त बोल्ट आवळायचे राहिले होते. साडूभाऊ रेघेच्या टोकाला जाऊन एक डोळा मिटून बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी अक्कांनाही पुढं सांगू शकलो नाही.

त्या दिवशी सुट्टी असूनही मदतीला चाचा आले होते. चाचा म्हणजे माझे सगळ्यात जुने कारागीर, चौथ्या मशीनचे मालकच म्हणा. साचा बसवावा तर त्यांनीच. ते नसले तर निम्मं काम बंद. ते आपल्या मशीनपाशी गेले, स्टुलावर बसून पाहिलं, पुन्हा उठले आणि आपला डबा पिशवीत घालू लागले.

"काय झालं, चाचा?" मी त्यांच्यासमोर जाऊन विचारलं.

"कुच नै साब. काम भोत अच्छा हुआ. मैं अब घर बैठतूं."

मला वाटलं, वाळूज लांब पडतं म्हणून. बस लावतो, गाडी पाठवतो, असं मी काय काय बोललो. ते मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "साब, मेरे कू सुनाई देता नै. तुम लोगां बोलते, मैं होटां देखके मुंडी हिलातूं. पीछे कौन आया, कैसा मालूम पडेंगा? उस दिन बी किसी ने पीछे से खांदे पे हात रख्या था." आणि त्यांनी डावा हात वर केला. त्या हाताला दोन बोटं कमी होती, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. कशी गेली हे मी कधी विचारलं नव्हतं. जुन्या शेडमध्ये ते कायम दाराकडं तोंड करून बसत आणि आम्ही त्यावरून त्यांना चौकीदार म्हणत होतो. अकरा वर्षं. मला त्या क्षणी माझीच लाज वाटली.

साडूभाऊ मागं उभं राहून सगळं ऐकत होते. मी घाईनं म्हटलं, "आपण समोर आरसा लावू, ट्रकला असतो तसा." ते म्हणाले, "आरशात बघतील तर हाताकडं कोण बघंल?" मग ते एका उलट्या खोक्यावर बसले. खिशातून सहा पुठ्ठे काढले, फरशीवर मांडले, मोडले, पुन्हा मांडले. चौथं मशीन फिरवलं की पत्रा उलट्या बाजूनं द्यावा लागत होता, म्हणून ते ओळीतून बाहेर काढावं लागत होतं, आणि ते निघालं की पाचवं आणि सहावं तिरकं होत होतं. तासाभरानं ते उठले, चाचांच्या समोर गेले, त्यांना ओठ दिसतील असं सावकाश म्हणाले, "चाचा, मैने पूछ्याच नै. गलती मेरी." आणि खिशातला रुमाल ओला करून त्यांनी निळी रेघ मधोमध स्वतःच पुसली.

भाऊबीजेनंतर काम सुरू झालं. साडूभाऊ पेढे घेऊन आले. चाचांनी त्यांना दारातच पाहिलं, मशीन थांबवलं आणि हात वर केला. साडूभाऊंनी सगळीकडं चक्कर मारली, त्यांचे ओठ हलत होते. परत आल्यावर म्हणाले, "दिवसाला तीनशे पावलं वाया." मग थोड्या वेळानं, "पन चाचा झकास बसलेत."

त्यानंतर त्यांनी कुणाची शेड मागितली नाही. सात-आठ वर्षांनी चाचा खरोखरच घरी बसले आणि त्यांच्या जागी पैठणकडचा एक चांगला जाणता कारागीर आला, कानानं तिखट. मला लगेच सुचलं. मी साडूभाऊंना बोलावून घेतलं, ते काठी टेकत आले. म्हटलं, "आता काही अडचण नाही. एका रविवारात सगळं ओळीत घेऊ. तुमची रेघ होऊन जाईल." त्यांचे डोळे चमकले, हे मी पाहिलं. त्यांनी त्या तिरक्या मशीनांकडं बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "त्याला विचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. मग ते स्वतःच गेले, समोर उभे राहिले, विचारलं. तो म्हणाला, "राहू द्या की काका. येनारं-जानारं दिसतं इथून. बरं वाटतं."

साडूभाऊ माझ्याकडं वळून हसले, त्या कारागिराला "बरं, बरं" म्हणाले आणि चहा न घेताच निघाले. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. वाटेत ते एकदाही मागं वळून पाहिनात. पुढच्या वर्षी ते गेले. माझी मशीनं आजही वाकडीच आहेत. तपासणीला येणारे इंजिनिअर विचारतात, हे असलं लेआउट कुणी केलं? मी सांगतो, आमच्या साडूंनी. आणि त्या इंजिनिअरांना ती सरळ रेघ दाखवता येत नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.