मागच्या दरवाजातला आवाज

बसण्याआधी खुर्ची एकदा हलवून बघायची. किल्ल्यांचा जुडगा रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचा. कुणाकडेही गेलं की आधी दाराच्या बिजागऱ्या बघायच्या, मग माणसं. चहाचा कप बशीत टेकवताना मध्ये करंगळी धरायची. पंखा कुरकुरत असेल तर तो बंद करून उकाड्यात बसायचं. आणि वर्षभरातली नवी सवय: बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघायचं.

गॅरेजमध्ये त्यांना सगळे कानसेन म्हणत. इंजिनाला, ब्रेकला, रंगाला दुसरी माणसं होती. गाडीत काहीतरी वाजतंय पण कुठे ते कळत नाही, अशी गाडी कानसेनांकडे यायची.

त्यांची पद्धत ठरलेली होती. डिकीत जुनी रजई अंथरायची, हातात खडू घेऊन आडवं व्हायचं, वरून दरवाजा लावून घ्यायचा. मग गॅरेजच्या मालकांनी गाडी गॅरेजमागच्या उखडलेल्या रस्त्यावरून न्यायची. आवाज आला की आतून त्या जागी खडूचं वर्तुळ. नंतर एकेक वर्तुळ घेऊन बसायचं. कधी रबराची पट्टी, कधी कुलपाची कडी, कधी दरवाजा वर तोलून धरणारे दोन दांडे. जागा गप्प झाली की ओल्या फडक्याने वर्तुळ पुसायचं. पुसायचं त्यानेच, ज्याने ती शांतता स्वतः ऐकली. एक जरी वर्तुळ उरलं तरी मालक गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली देत नसत. हा नियम मालकांच्या वडिलांनी घातलेला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी तिसऱ्यांदा आली, तेव्हा बाई स्वतः मागच्या सीटवर बसल्या.

"मागच्या दोन्ही वेळी तुम्ही म्हणालात, आवाज गेला. माझ्या खुर्चीत बसून कुणी दुखतंय म्हणालं, तर मी त्याला दुखत नाहीये म्हणत नाही हो."

"तुम्ही बसा तर," कानसेन म्हणाले आणि डिकीत शिरले.

रस्त्याची धडधड ऐकू आली. जॅकची खडखड ऐकू आली. मालकांचं खोकणंसुद्धा.

"आत्ता!" बाई ओरडल्या. "ऐकलंत?"

काही नव्हतं.

"ऐकलं," कानसेन म्हणाले. अंदाजाने उजव्या दांड्यापाशी वर्तुळ काढलं. तीस वर्षांत न ऐकता काढलेलं ते पहिलं.

दांड्याला ग्रीस लावून त्यांनी वर्तुळ पुसलं. बाई गाडी घेऊन गेटपर्यंत गेल्या आणि तशाच उलट्या मागे आल्या.

"अजून आहे. चूं करतंय. बारीक."

मालक कानसेनांकडे बघत राहिले. ते वयाने लहान. कानसेनांना काका म्हणत. "काका, सोमवारपर्यंत ठेवून घेऊ या का?"

"ठेवा."

त्या संध्याकाळी कानसेन शेडमध्ये एकटेच बसून राहिले. गेल्या वर्षभरातल्या गाड्या आठवू लागले. पांढरी व्हॅन. म्हाताऱ्या वकिलांची निळी. त्या दोन भावांची. बाईंची सोडली तर एकही परत आली नव्हती. गाडी परत येत नाही म्हणजे काम चोख झालं, असं ते आजवर धरून चालले होते. मनात आलं, कंटाळून दुसरीकडे गेली असतील तर?

रविवारी गॅरेज बंद. कानसेन बायकोला घेऊन आले. किल्ली त्यांच्याकडे असायचीच.

"कुठे बसू?"

"इथे. डिकीत."

तिने रजईकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "लग्नात म्हणाला होतात, जग दाखवीन. डिकी दाखवताय."

"अगं, झोप ना. हा खडू घे. चूं वाजलं की तिथे गोल काढ."

"आणि तुम्ही?"

"मी चालवतो."

"रोज तर तुम्ही झोपता आत."

त्यांनी रजईची सुरकुती सारखी केली. मग ती आडवी झाली. पदर आवरून घेतला. "हळू चालवा. म्हातारीची हाडं आहेत आत, स्टेपनी नाही."

उखडलेल्या रस्त्यावर त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. थांबून मागचा दरवाजा उचलला. डाव्या वरच्या कोपऱ्यात वाकडंतिकडं वर्तुळ होतं, पापडाएवढं.

"इथे?"

"इथेच. किती वाजतंय हो! तुम्हाला कसं..." ती मध्येच थांबली.

कानसेनांनी कोपऱ्यातून बोट फिरवलं. रबराची पट्टी आत दुमडली होती. उघडा पत्रा तिला घासत होता. केवढीशी गोष्ट. "कसं वाजत होतं? नीट सांग."

"बारीक. टोचेल असं. आपली बेल वाजते ना, तसं."

"बेल बंद आहे आपली."

बायको रजईची घडी घालू लागली.

बेल बंद असल्याचा निकाल कानसेनांनीच दिला होता. गेल्या वर्षी त्यांनी ती भिंतीवरून उतरवली, आतलं सगळं पुसलं, परत लावली, दाबली. पुन्हा दाबली. "संपली ही," म्हणाले. दारावर स्वतःच्या हाताने कागद चिकटवला: बेल बंद आहे, दार वाजवा.

"अगं, मी दाबली तेव्हा वाजत होती?"

"हो."

"आणि तू गप्प बसलीस?"

"तुम्ही सहा वेळा दाबलीत. सहाही वेळा वाजली. तुमचं तोंड बघून माझ्याने बोलवेना." रजईची घडी तिने मोडून पुन्हा घातली. "लोक कागद वाचूनही बेलच दाबतात मेले. मी धावत जाते, दुसऱ्यांदा वाजायच्या आत, तुमच्यादेखत कुणी वाजतेय की म्हणू नये म्हणून."

"वर्षभर?"

"सांगून काय झालं असतं? कान परत आला असता?"

कानसेन पुन्हा कोपऱ्याकडे वळले. त्यांनी पट्टी उपसली, सरळ केली, खालच्या पत्र्याला पावडर चोळून पुन्हा दाबून बसवली. हात चुकले नाहीत. पट्टी आणि दरवाजा यांच्यात कागदाचा तुकडा धरून दरवाजा लावला. कागद ओढताना जेवढा अडायला हवा तेवढाच अडला. हे हातांना कळत होतं. पुढचं कळत नव्हतं.

"चल, अजून एक फेरी."

ती पुन्हा आत शिरली. गाडी खड्ड्यांतून गेली आणि परतली. त्यांनी दरवाजा उचलला.

"गेला," ती म्हणाली. "अगदी गप्प आहे."

कानसेन तिच्या ओठांकडे बघत होते. मग वर डोळ्यांकडे बघितलं. आवाज खरंच गेला असता तरी तिचा चेहरा असाच दिसला असता. गेला नसता तरीही.

"खरं सांगतेस?"

"अहो, देवाशप्पथ."

त्यांनी बादलीत फडका बुडवला, पिळला, वर्तुळापाशी नेला. फडक्यातलं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. शांतता तर होतीच. ती त्यांच्यासाठी वर्षभर सगळ्याच गाड्यांत होती.

"पुसा ना," बायको म्हणाली. "की मी पुसू?"

"नको."

सोमवारी त्यांनी मालकांना सगळं सांगितलं. मालकांनी डिकी उघडून वर्तुळ बघितलं. मग, "काका, काकूंनी ऐकलंय तर पुसायचं त्यांनीच ना? नियम तसाच आहे."

"तिचं ऐकलेलं मला कळत नाही," कानसेन म्हणाले. "बाईंना द्या गाडी. त्या सांगतील."

डॉक्टरीणबाईंना पेशंटची घाई होती. मालकांनी नियम मोडून दिलेली किल्ली घेतली आणि निघाल्या. डिकीच्या डाव्या कोपऱ्यात वर्तुळ तसंच होतं. कानसेन फडका हातात घेऊन गेटपाशी उभे राहिले. गाडी उलटी मागे येते का, ते बघत.

गाडी आली नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही.

फडका खिळ्यावर वाळतो. कानसेन रोज सकाळी तो ओला करतात, गाडी आलीच तर म्हणून.