गार गादी

आमच्या प्रयोगशाळेत तात्यांना घाई करायची कोणाची टाप नव्हती. उंदराचं मूत्रपिंड मेणात बसवायचं, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे आणि रंगवून मेलेल्या पेशी मोजायच्या. हे काम ते सव्वीस वर्षं करत होते. पाणी किती गरम आहे ते यंत्र दाखवायचं, पण तात्या आधी बोट बुडवून बघत. यंत्रावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. आम्ही त्यावरून त्यांची भरपूर टर उडवायचो.

शस्त्रक्रिया माझ्याकडे होती. उंदराच्या मूत्रपिंडाचं रक्त अर्धा तास अडवायचं, मग सोडायचं. एवढ्यात पेशी भराभर मरतात. आमचं औषध त्यांना वाचवतं का, हाच प्रश्न होता. मोजणाऱ्याचं मन आकड्यात मिसळू नये म्हणून तात्यांना कुठलं मूत्रपिंड कुठल्या उंदराचं हे कळू द्यायचं नाही, यादी माझ्या कुलपात. पाच फेऱ्या झाल्या. औषध दिलेल्या उंदरांत मेलेल्या पेशी न दिलेल्यांच्या निम्म्याच निघाल्या.

तात्यांची मुलगी तेव्हा बावीसची होती. तिची मूत्रपिंडं महिन्यागणिक कामातून जात होती आणि उरलं होतं तेवढं तरी वाचावं, असं घरात सगळ्यांना वाटे. औषध जुनंच, दुसऱ्या आजारावर माणसांना दिलं जाणारं. त्यामुळे शेजारच्या इस्पितळात रुग्णांवर चाचणी लगेच सुरू होणार होती आणि यादीत तिचं नाव होतं. साठीला टेकलेले तात्या त्या दिवसांत दोन-दोन पायऱ्या टाकत जिना चढायचे.

एका सकाळी ते मूत्रपिंडांच्या बाटल्या न्यायला माझ्या खोलीत आले आणि बेशुद्ध उंदीर गार पडू नये म्हणून त्याच्याखाली असते त्या विजेच्या गादीवर सवयीने हात ठेवला. मी नुकताच पहिला उंदीर घेतला होता.

"गार आहे," ते म्हणाले.

"आत्ताच लावलीय. तासाभरात तापेल."

"पहिले कुठले उंदीर घेतोस?"

औषध एकदा विरघळवलं की लवकर नासतं, म्हणून औषधाचे उंदीर मी रोज पहिले घ्यायचो; बाकीच्यांची पाळी येईपर्यंत गादी तापलेली असे. हे सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं. गार अंगात पेशी कमी मरतात, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. पाचही फेऱ्यांत पेशी वाचवल्या असतील तर त्या माझ्या गार गादीने.

खरं सांगतो, मी गप्प बसलो असतो. तात्या तडक आमच्या प्रमुख बाईंकडे गेले.

गादी आधी तापवून फेरी पुन्हा केली. तात्यांनी सगळ्या काचा तीनदा मोजल्या. मग मी यादी काढली. दोन्हीकडे मेलेल्या पेशी सारख्याच होत्या. चाचणी रद्द झाली.

"तुम्ही हात लावला नसता तर..." मी बोलून गेलो. मला स्वतःचीच लाज वाटत होती.

"तर तिनं त्या गोळ्या खाल्ल्या असत्या," ते म्हणाले, "आणि मी रोज विचारत बसलो असतो, बाळा, बरं वाटतंय का."

मुलगी त्याच वर्षाअखेर गेली. तात्या पंधरा दिवसांनी कामावर आले. बाटल्या न्यायला माझ्या खोलीत आले तेव्हा मला मान वर करवेना. त्यांनी गादीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"गरम आहे," म्हणाले, आणि बाटल्या उचलून निघून गेले.