उजव्या हातातला गहवा

अल खर्जच्या एका डेअरी कंपनीचे ब्रिटिश मुख्य अधिकारी रियाधमधल्या आमच्या हॉस्पिटलात आले, ते पक्षाघाताने उजवा हात लुळा पडल्यावर. मी तिथे फिजिओथेरपिस्ट. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "टार्गेट काय?"

"आधी शर्टाचं बटण लावता आलं पाहिजे," मी म्हटलं.

"बटण बायको लावेल. मला फिंजान धरायचंय."

फिंजान म्हणजे गहव्याचा, अरबी कॉफीचा बिनकानाचा चिमुकला पेला. इथे तो उजव्या हातानेच घ्यायची रीत. कंपनीचे सौदी मालक लवकरच भेटायला येणार होते आणि साहेबांना ठेवायचं की नवा माणूस आणायचा, हे त्या भेटीनंतर ठरणार होतं. आजारी माणसाने डावा हात पुढे केला तर कोण रागावणार आहे, असं मी समजावून पाहिलं.

"रागावणार नाहीत. कीव करतील," ते म्हणाले.

मग मीही हट्टाला पेटले. आधी रिकामा पेला, मग तांदूळ भरलेला, मग पाण्याचा. पाणी मांडीवर सांडलं की साहेब मलाच झापायचे. मी चिपळूणची, ऐकून घेणार थोडीच! "ओरडायचा जोर बोटांत आणा. यल्ला, चला, पुन्हा!" त्यावर ते खो खो हसायचे. दम खाताना आपलं सांगायचे. शाळा सोडून गोदामात दुधाचे क्रेट उचलणारा पोरगा, मग व्हॅनवरचा विक्रेता, पुढे मॅनेजर, आणि आता वाळवंटात हजारो गायी सांभाळणारा साहेब. "सगळं या हाताच्या जोरावर," म्हणत ते त्या पंजाकडे बघायचे, तेव्हा मी पेला पुन्हा त्यांच्या हातात द्यायचे.

मालक आले. म्हातारे, अबोल गृहस्थ. सोबतच्या माणसाने थर्मासमधून गहवा ओतला. साहेबांनी उजव्या हाताने पेला घेतला, ओठांपर्यंत नेला आणि हाताला हिसका बसला. निम्मा गहवा चादरीवर. मी धावले.

"नको," ते मला म्हणाले. उरलेला गहवा त्यांनी त्याच हाताने, सावकाश संपवला.

मालकांनी थर्मास स्वतः घेतला आणि पेला पुन्हा भरला. "रविवारी आठवडा सुरू होताच मीटिंग आहे. सकाळी गाडी पाठवतो."

माझे डोळे भरून आले होते, तरी आवाज कडक ठेवून मीच म्हटलं, "दुपारी पाठवा. सकाळी त्यांचा व्यायाम असतो."