अनोळखी अंगठा

आमच्या ऑफिसातल्या मॅडमचं सगळे कौतुक करतात. मीही केलं असतं, पण तिला घडवलं मी आणि मिरवते ती, तर माझ्या पोटात दुखणार नाही तर काय!

इस्त्रीवाल्याची पोरगी. नऊ वर्षांपूर्वी ठशांची कार्डं लावायची कारकून म्हणून आली. मी पोलिसांचा ठसेवाला. चोरी झाली की काचेवर, कपाटावर पावडर मारायची, उमटलेला ठसा चिकटपट्टीवर उचलायचा, आणि भिंगाखाली रेषा मोजून कोणाचा ते सांगायचं. सव्वीस वर्षं हेच केलं. ऑफिसात मला 'अंगठेबहाद्दर' म्हणतात, म्हणोत बापडे. ही पोरगी माझ्या खुर्चीमागे उभी राहून टकामका बघायची. म्हटलं, शिकायचंय? शाई लावून पहिला ठसा तिचा घेतला. "हात सैल सोड. जोर मी लावतो." मग माझाच डावा अंगठा उमटवून तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, वाच. लहानपणी डब्याच्या पत्र्याने कापलेला अंगठा, मधोमध आडवा व्रण. आठवडाभर तोच वाचत होती. दुपारी माझ्या डब्यातलं जेवायची. बायको तिच्यासाठी चपात्या जास्त द्यायची.

पुढे ती परीक्षा देत गेली, परदेशी शिकून आली, आणि तिच्यामागोमाग मशीन आलं. आता ठसे मशीन जुळवणार, आणि मी नुसते उचलून आणायचे. माझी खिडकीजवळची खोलीही मशीनला दिली, का तर त्याला गार हवा लागते! मी जिन्याखाली. बायको म्हणाली, "जळताय तुम्ही." म्हटलं, हो, जळतोय. पुढे बोल.

मॅडमने नवा नियम काढला. घटनास्थळी जाणाऱ्या प्रत्येकाने आपली दहा बोटं मशीनला द्यायची, म्हणजे आपलेच ठसे चुकून सापडले तर लगेच कळतील. सगळ्यांनी दिली. मी म्हटलं, "मी काय चोर आहे?" हातमोजेही टेबलावर ठेवून आलो. मोज्यात बोटांना काही कळत नाही.

मग त्या दवाखान्यातली चोरी झाली. औषधांचं कपाट फोडलेलं. मी जाऊन ठसे उचलले आणि पाकीट बंद करून पाठवून दिलं. भिंगाखाली धरलेसुद्धा नाहीत. बघेल तिचं मशीन!

ठसे दोघांचे निघाले. एक तिथल्या झाडूवालीचा, कपाट रोज तीच पुसायची. दुसरा अनोळखी, मशीनला न सापडलेला. इन्स्पेक्टरला वाटलं, हिनेच चोराला आत घेतलं, आणि त्याने बाईला आत टाकलं. रोज एकच प्रश्न, "हा दुसरा कोण? साथीदाराचं नाव सांग." बाई काय सांगणार, कप्पाळ? अकरा दिवस झाले. कोठडी आमच्याच इमारतीत, त्यामुळे तिचा नवरा रोज डबा घेऊन आमच्या बाकावर बसायचा आणि भरलेलाच परत न्यायचा. मी मात्र मनातून खूश. घ्या, झालं ना तुमचं मशीन फेल!

बाराव्या दिवशी सकाळी मॅडम जिन्याखाली आली. हातात तो ठसा, आणि माझं जुनं भिंग.

"सर, जरा बघता?"

बघितलं. मधोमध आडवा व्रण. ब्रश फिरवताना कपाटाला डावा हात टेकवायची माझी सवय.

"मशीनला मिळेना, म्हणून आज मीच भिंग घेऊन बसले," ती म्हणाली. "हा मी आठवडाभर वाचलाय, सर. रिपोर्ट मला लिहावाच लागेल. पण आधी तुम्ही सांगितलंत तर बरं."

खरं सांगू? त्या क्षणी मला बाईची दया आली नाही, स्वतःची लाजही वाटली नाही. राग आला. मशीन तिचं होतंच, निदान नजर तरी माझी उरली होती. तीही या पोरीने नेली!

मग बाकावरचा तो डबा आठवला. उठलो आणि माझ्याच जुन्या खोलीत गेलो. काचेवर अंगठा ठेवताना हात ताठ झाला, ठसा नीट येईना. तिने माझं मनगट धरलं.

"सैल सोडा, सर. जोर मी लावते."

चार सेकंदांत मशीनने माझं नाव सांगितलं. मी स्वतः इन्स्पेक्टरकडे जाऊन लेखी जबाब दिला. संध्याकाळच्या आत बाई सुटली. नवऱ्याने तिथेच बाकावर डबा उघडला, आणि ती मान खाली घालून भराभर जेवू लागली.

मी बाजूने जात होतो. त्याने हात जोडले. "साहेब, तुमचे उपकार झाले. तो दुसरा अंगठा कोणाचा निघाला हो?"

मॅडम दारातच उभी होती.

"माझा," मी म्हणालो.

बाईचा घास हातातच राहिला.