वॉटर पंप आणि तीन पहारे

नाईक गणपत भोईरने मला फसवलं. सकाळी सहा वाजता, सुभेदारसाहेबांच्या समोर. आंबिवलीकडची माणसं उलट सांगतात. विष्णूने खराब गाडी आमच्या गणपतच्या गळ्यात मारली, असं त्यांचं म्हणणं. सात वर्षं मी ते ऐकून घेतलं. आता पुरावा हातात आहे, म्हणून लिहितो.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आमची ट्रान्सपोर्ट कंपनी जम्मूच्या पुढच्या डोंगरात होती. मी लान्सनाईक, ड्रायव्हर. गणपत माझ्याहून एक फीत वर. दोघेही कल्याण तालुक्यातले, म्हणून तंबू एकच. घरी माझं लग्न ठरलेलं, हे त्याला ठाऊक होतं. रोजचं काम ठरलेलं. पाचला उठणं, पावणेसहाला गाडी तपासणं, साडेसहाला गाड्यांचा कॉन्व्हॉय निघणार. पुढच्या चौकीला दारूगोळा, शिधा आणि मलमपट्टीचं सामान पोचवायचं, तिथले जखमी घेऊन परत यायचं. अकरा गाड्या, सगळ्या तीन टनी. माझी सहा नंबर, गणपतची नऊ. माणसं कमी होती, त्यामुळे एका गाडीला एकच ड्रायव्हर.

माझा स्वभाव सौद्याचा. बाप लवकर गेला, भाजीच्या टोपलीवर मोठा झालो. समोरच्याने सांगितलेला भाव मी आजवर कधी दिला नाही. गणपत त्यावरून चिडवायचा. "विष्ण्या, तू मेलास की यमाशी पण घासाघीस करशील."

त्या दिवशी पहाटेचा पहारा गणपतचा होता. पाच वाजता तो तंबूत आला आणि माझा साबण मागून घेऊन गेला. लाल कार्बोलिकची वडी, घरून आलेली. साडेपाचला परत दिली तेव्हा तिचा एक कोपरा चाकूने कापलेला.

"हे काय?"

"लागला थोडा."

"हात धुवायला कोपरा कापतात होय रे?"

"हात लई घाण होते."

मी त्याला दोन शिव्या दिल्या आणि गाडीकडे गेलो. पावणेसहाला सहा नंबर तपासली. तेल, पाणी, पट्टा, टायर. वॉटर पंपाखाली हात फिरवला. कोरडा. जमीन ओली होती, पण गणपतने जाताजाता सांगितलं, पाण्याचा डबा सांडला. मी मान हलवली.

सहाला तो पाठ धरून उभा राहिला. "माझ्या गाडीची सीट मोडलीय. पाठीत चमक भरते. आजच्या दिवस तुझी दे, माझी घे."

गरज त्याची होती. मी भाव लावला.

"तुझे नवे लोकरीचे मोजे."

"घे."

"दुधाचा डबा."

"तो निम्मा खाल्लाय."

"निम्मा चालेल. आणि माझे तीन पहारे तू करायचे."

"दोन."

"तीन."

"तू वाण्याच्या घरी जन्मायचा होतास. तीन."

आमच्यात गाड्यांची अदलाबदल चालायची, पण सुभेदारसाहेबांना विचारून. त्यांनी दोघांकडे पाहिलं. "दोनों राजी?"

"जी साब."

मी मोजे तिथेच पायात चढवले. आजचा दिवस आपला, असं मला वाटलं.

सव्वानऊच्या सुमारास ते वळण आलं. नाल्यापलीकडच्या, शत्रूच्या ताब्यातल्या टेकडीवरून तिथली सगळी सडक उघडी दिसायची. हुकूम साधा होता. या वळणावर कोणी थांबायचं नाही. एखादी गाडी बंद पडली तर तिने कडेला व्हायचं, मागच्यांनी पुढे जायचं.

सहा नंबर बंद पडली. बॉनेटमधून वाफ निघत होती. गणपत गाडी अगदी कडेला घेऊन, खाली उतरून रेडिएटरमध्ये डब्याने पाणी ओतत होता. शेवटच्या जीपमध्ये वायरलेस होता. ऑपरेटरने नंतर मला बोलणं सांगितलं.

"सिक्स रुक गया. ओव्हर."

"बाकी गाड़ी निकालो. सिक्स को रिकव्हरी देखेगा. ओव्हर."

सात गेली, आठ गेली. मी नऊ नंबर हळू केली.

"काय झालं?"

"तुझ्या म्हातारीला तहान लागलीय," गणपत म्हणाला. हसत होता. "थांबू नको. चल."

मी गेलो. दुसऱ्या वळणापलीकडे असताना मॉर्टरच्या पहिल्या गोळ्याचा आवाज आला. मग दुसरा, मग तिसरा. नऊ वाजून सव्वीस मिनिटं. थांबायचा हुकूम नव्हता. मी थांबलो नाही. चौकीवर सामान उतरवलं, चार जखमी घेतले. संध्याकाळी गणपतला खाली छावणीत आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच अग्नी दिला.

चौकशी झाली. बंद गाड्या ओढून आणणाऱ्या रिकव्हरीवाल्यांचा अहवाल एका ओळीचा. पंपाचं सील गेलेलं, पाणी संपलेलं, इंजिन जाम. कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "गाडी तपासली होती?"

"जी साब. पंप कोरडा होता."

"बदल्यात काय घेतलंस?"

"मोजे. दुधाचा निम्मा डबा. तीन पहारे."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. मला नाईकची फीत कधी मिळाली नाही. कंपनीतला एकजण रजेवर आला आणि त्याने ही गोष्ट गणपतच्या गावात पोचवली.

पन्नास साली मी फौजेतून बाहेर पडलो आणि डोंबिवलीत घर केलं. ठाण्याच्या एका डॉक्टरांची जुनी मोटार घेतली, स्वतः उघडली, स्वतः बांधली आणि लग्नकार्याला भाड्याने द्यायला लागलो. दर वर्षी दिवाळीच्या आधी गणपतच्या आईला भेटायला आंबिवलीपलीकडे त्यांच्या गावी जायचो. आई ओट्यावर यायच्या, पाणी द्यायच्या. गणपतचा थोरला भाऊ दारात उभा राहायचा आणि "बसा" म्हणायचा नाही. मी उभ्याउभ्या दर वेळी तेच सांगायचो. पंप कोरडा होता, मी हात लावून पाहिला होता. भाऊ म्हणायचा, "असंल." मी तापून परत यायचो आणि पुढच्या वर्षी पुन्हा जायचो.

पंचावन्न साली, दिवाळीला आठ दिवस असताना, मोटारीचा पंप ठिबकायला लागला.

वॉटर पंपाच्या पोटाखाली बोटभर अंतरावर एक बारीक भोक असतं. आतलं सील खराब झालं की पाणी पहिलं त्या भोकातून बाहेर येतं. ड्रायव्हरला तेवढीच सूचना. ती पाहिली नाही तर पुढे पाणी संपतं आणि इंजिन बसतं.

कल्याणला लष्करी डिस्पोजलचा, मोडीत काढलेला माल विकणारा एक दुकानदार होता. त्याने पंप दाखवला, हिरवा रंग दिलेला.

"नवा कोरा, फौजीसाहेब. कागदातून आत्ता काढला."

"तुझ्या आजीच्या लग्नातला आहे. पाणी भरून दाखव."

त्याने एक तोंड हाताने दाबून पंपात पाणी भरलं आणि उंच धरला. एक थेंब पडला नाही. मी अर्धा तास घासाघीस केली, तीन वेळा दुकानाची पायरी उतरलो आणि माझ्या भावात पंप घेऊन आलो.

रविवारी सकाळी आठला अंगणात काम सुरू केलं. मदतीला बायको, आमची इंदू. रेडिएटरचं पाणी बादलीत काढलं. पट्टा सैल करून काढला, मग पंखा, मग पंपाचे चार बोल्ट. एक गंजलेला होता.

"बादली सरकव. अगं डावीकडे. तुझ्या डावीकडे."

"माझी डावी तुमच्या उजवीला आहे. फौजेत असं नीट सांगत नव्हते वाटतं."

"फौजेत उलट बोलत नव्हते."

"म्हणूनच सोडून आलात."

जुना पंप निघाला. बसायची जागा पात्याने खरवडून साफ केली. आता मधला गास्केट हवा. जाड कागद पंपावर ठेवून हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने ठोकला की बरोबर मापाचा कापला जातो. कपाटात एक जाड पत्रिका सापडली. ठोकून झाल्यावर इंदूने पाहिली.

"अहो, ही माझ्या मावसबहिणीची लग्नपत्रिका."

"लग्न झालं ना?"

"तुळशीचं लग्न झालं की आहे."

"मग मुहूर्त पाठ करून ठेव. आता तो इंजिनात जाणार."

तिने उरलेला तुकडा हिसकावून घेतला. मी गास्केटला ग्रीस लावलं, नवा पंप बसवला, बोल्ट तिरपे, आळीपाळीने आवळले. पंखा, पट्टा, पाणी. साडेदहाला इंजिन सुरू केलं. खाली वाकून पाहिलं. कोरडा.

"झालं?" इंदूने विचारलं.

"झालं. तुला मुंब्र्यापर्यंत फिरवून आणतो."

ती आत जाऊन लुगडं बदलून आली. तेवढ्यात इंजिन गरम झालं होतं. पंपाखाली लालसर फेस जमला होता. मग त्यातून पाण्याची बारीक धार लागली.

मी इंजिन बंद केलं. पंप पुन्हा उतरवला. हात भाजला. इंदूच्या केसातला आकडा मागून घेतला आणि खालच्या भोकात घातला. आतून लाल, मऊ गोळी बाहेर आली. नाकाजवळ नेली. कार्बोलिक.

दुकानदाराच्या नावाने तोंडात शिवी आली होती. ती तोंडातच राहिली. मी मोटारीच्या फुटबोर्डावर बसलो.

"काय झालं?" इंदू म्हणाली. "अहो, बोला ना. फसवलं का त्याने?"

"माझा साबण," मी म्हणालो.

तिला कळायला थोडा वेळ लागला. गणपतची गोष्ट तिने दर दिवाळीला ऐकली होती, कापलेल्या कोपऱ्यासकट. ती शेजारी येऊन बसली. नवं लुगडं, ग्रीसचा फुटबोर्ड. आकडा तेवढा पुसून केसात घातला.

पहाऱ्यावर असताना गणपतने सहा नंबरखालचं पाणी पाहिलं. दुसरा पंप तिथे कोणाकडे नव्हता. गाडी मागे ठेवली असती तर चौकीचा माल आणि जखमींच्या जागा दोन्ही गेल्या असत्या. मला सांगितलं असतं तर मी सुभेदारसाहेबांशी भांडलो असतो आणि शेवटी हट्टाने तीच गाडी मी नेली असती. त्याला मी माहीत होतो. म्हणून त्याने भोक साबणाने बुजवलं, पाठ धरली आणि घासाघीशीचं सोंग केलं. नऊ नंबरची सीट मोडलेली नव्हती. दिवसभर त्या सीटवर बसूनही मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही. मला वाटलं, साल्याला आराम हवा.

दुसऱ्या दिवशी दुकानदारासमोर पंप ठेवला. "हे कोणी शिकवलं?"

"ड्रायव्हर लोकच करतात," तो खाली बघत म्हणाला. "तासभर टिकतं." त्याने दुसरा पंप दिला. मी घासाघीस केली नाही. तो घाबरला असावा.

पुढच्या रविवारी मोटार घेऊन इंदूबरोबर गावी गेलो. आई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं आणि साबणाची गोळी कागदातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. भाऊ दारातून पुढे येऊन पाहत होता.

आईंनी वास घेतला. मग शेंगा बाजूला केल्या.

"गणपतला सौदा कंदी जमलाच नाय," त्या म्हणाल्या. "बाजारात गेला की वाणी मागंल त्याच्यावर दोन पैसे देऊन यायचा. तू पयल्या वर्षी सांगितलास, त्यानी तीन पहाऱ्यांवर घासाघीस केली. तवाच मला कळला, पोरगा खोटा बोलला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू कवा इचारलास? तू आलास की पंप कोरडा व्हता, पंप कोरडा व्हता. तुझाच चालायचा."

मला राग आला. मग तो गेला.

भावाने आतून बाज आणून ओट्यावर टाकली. "बसा," तो म्हणाला. आम्ही जेवून निघालो.

मोजे ट्रंकेत आहेत. इंदूने टाचा दोनदा रफू केल्या आहेत, पण मी ते घालत नाही. आयुष्यात मी एकच सौदा हरलो आणि तोही जिंकलो असं वाटून घरी आलो.

तेव्हा नाईक गणपत भोईर, उत्तर तुला द्यायचं आहे. माझी गाडी होती, माझं वळण होतं. मला न विचारता ते घ्यायचा अधिकार तुला कोणी दिला? माझं लग्न ठरलं होतं म्हणून घेतलंस, की मला वळणावर गाडी सांभाळता येणार नाही असं वाटलं म्हणून? दुसरं असेल तर तो अपमान आहे, कारण गाडी मी तुझ्याहून चांगली चालवायचो. काय ते समोर येऊन सांग. शिवाय सुभेदारसाहेबांच्या समोर कबूल केलेले माझे तीन पहारे तू अजून केलेले नाहीस.