ताकाला येऊन लपवलेलं भांडं

शेजारच्या अक्कामुळं मी या घरात राहिले. हे आधी लिहिते, कारण पुढचं सांगताना अजून मन घाबरं होतं.

सातवीतून शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि परभणीकडची मी कानडी मुलखातल्या मन्नाएखेळ्ळीजवळच्या या गावात येऊन पडले. सासूबाईंच्या घरी रोज सकाळी डेऱ्यात रवी फिरायची. लोणी यायला उशीर झाला तर इथं 'लोणी झोपलंय' म्हणायचं. 'आलं नाही' हे डेऱ्यावर तोंडातून काढायचं नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. थंडीतल्या एका सकाळी दोरी ओढून ओढून थकले आणि सहज म्हणाले, "लोणी आलंच नाही की."

सासूबाईंनी दोरी धरली.

त्यानंतर खरंच लोणी येईना. म्हैस तीच, दूध तेवढंच, पण वर नुसता फेस. पांढऱ्या पायाची आली, असं म्हशीला सांगितल्यागत त्या मला ऐकवायच्या. मग सरळच म्हणाल्या, शुक्रवारीबी असंच झालं तर तुझ्या भावाला फोन करते, न्हेऊ दे. भावाच्या एका खोलीत मला जागा नव्हती. सातवी शिकलेलीला दुसरं दारही नव्हतं.

शुक्रवारी रवी डेऱ्यात घुमत होती. अक्का ताकाला आली. भांडं पदराखाली.

"ताकाला येऊन भांडं कामून लपवायलीस गं?" सासूबाई म्हणाल्या.

"तुमचं ताक बगून भांडंच लाजायलंय, अव्वा."

सासूबाई हसल्या नाहीत. डेऱ्यात घालायला कोमट पाणी आणायला चुलीकडं गेल्या. तेवढ्यात अक्कानं पदर सारला. भांड्यात तिच्या घरचं लोणी होतं, त्याच सकाळचं. बोटांनी कुस्करून तिनं ते डेऱ्यात सोडलं, माझ्या हातांवर हात ठेवून दोरी ओढली आणि तिच्या कानडीत मोठ्यानं म्हणाली, "बेण्णे बंतु." लोणी आलं.

शुक्रवारचं लोणी देवाला दाखवायच्या आधी उंबऱ्याबाहेर गेलं तर घरची बरकत त्याच्यासंगं जाते, हे मला मागून कळलं. अक्काला ते लहानपणापासून माहीत होतं.

फोन झाला नाही. ऊन तापायला लागलं तसं आमचं लोणीही यायला लागलं. अक्काची म्हैस मात्र आटली. मग तिनं वैरण सोडली, आणि एका सकाळी उठलीच नाही. मी गेले तर अक्का डेरा पालथा घालत होती.

"म्हशी मरत्यातच की. तू कामून रडायलीस?"

तो डेरा अजून तसाच पालथा आहे.

आमच्या म्हशीची वगार आता गाभण आहे. रोज उठून आधी तिलाच बघते. ती चारा खाते का, उभी राहते का. सुखरूप व्याली, की तिचं पहिलं लोणी मी अक्काच्या उंबऱ्यात नेईन. शुक्रवार असला तरी, देवाच्या आधी, सासूबाईंच्या समोरून. भांडं पदराखाली न घेता.